कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, एकट्याने

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सात वर्षं चार महिन्यांचा, दुसरीत. चार विंगची सोसायटी, गेटबाहेरची गल्ली ओलांडली की समोर किराण्याचं दुकान. दूध-ब्रेड आणायला ‘मी एकटाच जाणार’ म्हणून त्याचा रोजचा हट्ट. सासूबाई म्हणतात, आमची पोरं पाचव्या वर्षी ओढ्यापर्यंत जायची, ह्याला कशाला एवढं जपतेस. नवरा म्हणतो, बारा वर्षांचा होईपर्यंत गेटबाहेर पाऊल नाही. ताईंनी मधला मार्ग काढला आहे: चार वर्षांच्या बहिणीला त्याच्यासोबत दिलं तर चालेल का, म्हणजे तो अगदी एकटा नसेल? शिवाय मध्यंतरी तो पार्किंगमध्ये एकटा खेळताना दिसला, तेव्हा शेजारणीने सोसायटीच्या ग्रुपवर ‘आईबापांचं लक्ष नसतं’ असं लिहिलं. ते त्यांच्या फार मनाला लागलं आहे.

ताई, मी अठ्ठावीस वर्षं आधी बालवाडीतल्या आणि नंतर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं. तुमच्या मुलाच्या वयाची मुलं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. म्हणून सगळ्यात आधी एका गोष्टीचं स्पष्ट उत्तर देते, कारण तिथे परिस्थितीवर काही अवलंबून नाही. बहिणीला सोबत देऊ नका.

सात वर्षांचं मूल स्वतःला सांभाळायला शिकत असतं. त्याच वेळी त्याच्या हातात दुसरा हात दिला की त्याचं निम्मं लक्ष तिकडे जातं. चार वर्षांची मुलगी रस्त्याच्या मध्ये चप्पल निघाली म्हणून खाली बसते, कुत्रं दिसलं की हात सोडून पळते. तेव्हा काय करायचं हे मोठ्या माणसालाही चटकन सुचत नाही. आणि तिला काही झालं तर ‘तुझ्याकडे दिली होती ना’ हे वाक्य तो जन्मभर वागवेल. मुलांना हे जमत नाही असं नाही, गरज पडली की जमतं. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं काम केलं, तिथल्या पाड्यांवरची सहा-सात वर्षांची मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरं राखत होती. पण त्यापायी ती शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून त्या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मुलाची ताकद त्यांना दिसत होती, आणि त्या ताकदीवर किती ओझं टाकायचं नाही हेही त्यांना कळत होतं. तुमच्या मुलाला एकट्याने जायला तयार करू या. बहीण घरी राहू दे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या घरात वाद वयाचा चालला आहे: पाच, सात की बारा. वर्गात एकाच वयाची चाळीस मुलं समोर बसलेली असली की वयाच्या आकड्यावरचा विश्वास उडतो. दुसरीतली एक मुलगी मी तळमजल्यावरच्या ऑफिसात चिठ्ठी देऊन पाठवली की उत्तर घेऊन यायची, वर ‘बाई, सर जेवत होते म्हणून थांबले’ असंही सांगायची. तिच्याच बाकावरचा मुलगा चिठ्ठी घेऊन निघाला की वाटेत पावसाच्या पाण्यात होडी सोडताना सापडायचा, चिठ्ठीचीच होडी करून. दोघंही हुशार, दोघंही गुणी. त्या वर्षी त्या मुलाला मी एकटं कुठेच पाठवलं नाही. पुढच्या वर्षी पाठवलं, तेव्हा तोही तयार झाला होता.

म्हणून ‘किती वर्षांचं झालं की पाठवावं’ असं कुणी विचारलं तर मी त्याचे तीन प्रश्न करते. वाटेत रस्ता कसा आहे? वाटेत माणसं कोण आहेत? आणि काही बिघडलं तर मूल काय करेल? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच फारसा कुणी विचारत नाही.

रस्त्याचं आधी बोलते, कारण तुमच्या मिस्टरांची भीती इथे खरी आहे. सात वर्षांचं मूल साधारण चार फुटांचं असतं. उभ्या केलेल्या गाडीच्या मागून ते बाहेर येतं तेव्हा त्याला रस्ता दिसत नाही आणि ड्रायव्हरला ते दिसत नाही. दुसरं, येणाऱ्या गाडीचा वेग आणि आपल्याला लागणारा वेळ यांची सांगड घालणं ही शिकवून लगेच येणारी गोष्ट नाही, ती वाढीबरोबर येते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१७ साली याचा अभ्यास झाला. संगणकाने उभ्या केलेल्या रस्त्यावर, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने एकामागून एक गाड्या येत असताना, मुलांना रस्ता ओलांडायला लावला. सहा वर्षांच्या मुलांची १०० पैकी ८ वेळा गाडीशी टक्कर झाली, दहा वर्षांच्या मुलांची ५ वेळा, आणि चौदाव्या वर्षी हा आकडा शून्यावर आला. दोन गाड्यांमधलं अंतर पुरेसं आहे का हे लहान मुलांना नीट ठरवता येत नाही, आणि ठरवलं तरी पाऊल टाकायला त्यांना किंचित उशीर होतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर तर टू-व्हीलर दोन्ही बाजूंनी येतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला ‘उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ’ हे पाठ करून दिलं आणि एक दिवस समोर उभं राहून तिला एकटीने रस्ता ओलांडू दिला. तिने सांगितलं तसं केलं. पुन्हा उजवीकडे बघत असताना डावीकडून, चुकीच्या बाजूने, एक स्कूटर आली आणि तिच्या फ्रॉकला घासून गेली. लागलं काही नाही. पण पुस्तकातला नियम पुस्तकातल्या रस्त्यासाठी होता हे मला त्या क्षणी कळलं. तेव्हापासून मी मुलांना वेगळं शिकवते: गाडीच्या आडून निघायचं नाही. थांबायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, ऐकायचं, आणि पाय टाकल्यावरही मान फिरती ठेवायची. पळायचं तर अजिबात नाही. पळणारं मूल अडखळतं, आणि अडखळलेलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही.

तुमच्या गल्लीतून दिवसभरात काय जातं ते मला माहीत नाही. पाण्याचे टँकर आणि बांधकामाचे डंपर जात असतील, किंवा ती मुख्य रस्त्याला जोडणारी जवळची वाट असेल, तर माझं उत्तर आज ‘नाही’ असं आहे, मुलगा कितीही शहाणा असो. तेव्हा त्याला सोसायटीच्या आतच दुसऱ्या विंगमधल्या ओळखीच्या घरी एकटं पाठवा, डबा परत द्यायला, वही आणायला. गल्ली बंद असेल, गाड्या हळू येत असतील आणि गेटमधून दुकान दिसत असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या तयारीनंतर ‘हो’ म्हणायला हरकत नाही.

माणसांबद्दल आपण मुलांना जे सांगतो ते बहुतेक उलटं असतं. ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. पण लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. नातेवाईक, शेजारी, घरी येणारं-जाणारं माणूस. म्हणजे मुलाला घराच्या आत, ओळखीच्या हाती ठेवलं की ते आपोआप सुरक्षित होतं, हा समज चुकीचा आहे. आणि वाट चुकलेल्या मुलाला मदत मागायला अनोळखी माणसाशीच बोलावं लागतं. बोलायचंच नाही असं शिकवलेलं मूल तेव्हा गप्प उभं राहतं.

मी नियम असा सांगते: कुणाशीही बोल, पण आईला किंवा बाबांना सांगितल्याशिवाय कुणाबरोबरही कुठे जायचं नाही, ओळखीच्या काकांबरोबरही नाही, आईने पाठवलंय असं ते म्हणाले तरी नाही. मदत हवी असेल तर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे, वॉचमनकाकांकडे किंवा लहान मूल सोबत असलेल्या बाईकडे जायचं. आणि ‘हे घरी सांगू नकोस’ असं जो कुणी म्हणेल, त्याचं ते म्हणणं घरी आल्या आल्या सांगायचं. आईचा फोन नंबर पाठ असायलाच हवा. गाण्याच्या चालीवर म्हणून घेतला की आठवड्यात पाठ होतो. मोठ्या वर्गातल्या मुलांना मी १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबरही पाठ करायला लावायचे.

सासूबाईंचं म्हणणं इथेच समजून घ्यायला हवं. त्यांची पोरं ओढ्यापर्यंत जायची हे खरं आहे. पण ती एकटी जात होती का? वाटेवरच्या प्रत्येक ओसरीवर कुणीतरी बसलेलं असायचं. ‘कुणाचा रे तू? इकडे कुठे निघालास?’ असं विचारणारी दहा माणसं भेटायची, आणि पोरगं घरी पोचायच्या आत त्याची खबर घरी पोचायची. त्या काळच्या मोकळेपणाला गावाचं कुंपण होतं. तुमच्या चार विंगमध्ये कितीजणांना तुमच्या मुलाचं नाव माहीत आहे? ती ओसरी आता तुम्हाला मुद्दाम उभी करावी लागेल. सासूबाईंनाच ते काम सांगा, त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा छान जमेल. नातवाचा हात धरून त्यांनी दुकानदाराकडे जावं, वॉचमनकडे जावं, इस्त्रीवाल्याकडे जावं, ‘हा आमचा नातू, पुढच्या महिन्यापासून एकटा येईल, जरा लक्ष ठेवा’ असं सांगावं. दुकानदार ‘आज आजी नाही आल्या?’ असं त्याला विचारू लागला की रस्त्याचं पलीकडचं टोक तयार झालं.

ओढ्याबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. पाणी हा विषय वेगळा ठेवा. ओढा, विहीर, कालवा, पाणी भरलेली खदान, सोसायटीचा पोहण्याचा तलाव, इथे सात वर्षांचं मूल एकटं कधीच नाही, पोहता येत असलं तरी नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, ते आवाज न करता खाली जातं. काठावर बसलेल्यांनाही कळत नाही. गच्ची, बाल्कनीतली खुर्ची आणि गॅस हेही याच यादीत धरा. इथे चुकीतून शिकायला दुसरी संधी मिळत नाही.

आता तिसरा प्रश्न, काही बिघडलं तर काय?

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. शांत, आज्ञाधारक. त्याच्या आईने त्याला पहिल्यांदा पन्नासची नोट देऊन खाली पाठवलं. नोट हातातून निसटली आणि गटारीच्या जाळीतून आत गेली. संध्याकाळचे सहा वाजले होते. आठ वाजेपर्यंत मुलाचा पत्ता नाही. सगळी बिल्डिंग शोधत होती, वडील पोलीस चौकीत गेले होते, आणि तो शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका गाडीमागे बसून होता. त्याला हाका ऐकू येत होत्या. ओरडा बसेल म्हणून तो बाहेर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, मी त्याला रस्ता शिकवला, सुट्टे मोजायला शिकवलं, सगळं शिकवलं.’ तिने खरंच शिकवलं होतं. फक्त पैसे हरवले तर काय होईल हे त्याला माहीत नव्हतं, आणि आधी दुधाचा पेला सांडला तेव्हा काय झालं होतं हे माहीत होतं. त्यावरून त्याने हिशेब केला. पन्नास रुपयांसाठी दोन तास अंधारात बसायला तयार झालेलं मूल खरोखरच्या संकटात काय करेल, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

त्यानंतर मी पालकांना एकच गोष्ट बघायला सांगू लागले. मुलाच्या हातून काही फुटतं, हरवतं, विसरतं, तेव्हा ते आपणहून येऊन सांगतं का? सांगत असेल तर त्याला हळूहळू बाहेर सोडायला हरकत नाही, कारण बाहेर काही झालं तर ते तुमच्याकडे धावत येईल. सांगत नसेल, लपवत असेल, तर दुकान थोडं लांबणीवर टाका आणि आधी घरातला आवाज खाली आणा. कुत्रा चावला तर हेच कामाला येतं. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जायचं, डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करायचे, एवढं केलं तर जीव वाचतो. पण त्यासाठी मुलाने कुत्रा चावल्याचं सांगायला हवं. ‘तुला कुणी सांगितलं होतं त्याच्या वाटेला जायला’ हे ऐकावं लागेल म्हणून पँटीखाली जखम लपवणारी मुलं मी पाहिली आहेत.

बारा वर्षांपर्यंत गेटबाहेर नाही, या मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. त्यामागची माया मला दिसते. पण पाचवीत बऱ्याच मुलांची शाळा बदलते, क्लास सुरू होतात, सायकल येते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतसुद्धा पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, चालत जाता येईल अशी हवी, असं धरलेलं आहे. आजवर एकदाही एकट्याने गल्ली न ओलांडलेल्या मुलाच्या वाट्याला मग रस्ता, गर्दी, मित्रांचा आग्रह, हातात पैसे आणि मोबाइल हे सगळं एकाच वर्षी येतं. तेव्हा ते आपलं ऐकण्यापेक्षा मित्रांचं जास्त ऐकतं. सातव्या वर्षी ते अजून आपलं ऐकतं, आणि मला हे वय शिकवायला सगळ्यात चांगलं वाटतं. शिकवायला म्हणते आहे, सोडून द्यायला नाही.

शिकवणं म्हणजे काय, तर आधी पंधरा दिवस त्याने तुम्हाला न्यायचं. तुम्ही मागे, तो पुढे. कधी ओलांडायचं ते त्याने सांगायचं, आणि चुकला तरच तुम्ही हात धरायचा. वाटेत प्रश्न विचारा: दुकान बंद असलं तर? पैसे कमी पडले तर? कुत्रं मध्ये बसलं असलं तर? मोठ्या मुलांनी सुट्टे मागितले तर? उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला शोधू द्या. मग तुम्ही गेटपाशी थांबा, तो पलीकडे जाईल. मग खिडकीत थांबा. एखाद्या टप्प्यावर तो स्वतःच ‘आई, तू ये ना’ म्हणेल, तेव्हा मुकाट्याने सोबत जा. हट्ट करणारी मुलंही पहिल्यांदा घाबरतात. मनगटावर लोकेशन दाखवणारं घड्याळ बांधायचं की नाही हा प्रश्नही पुष्कळजण विचारतात. बांधा हवं तर, पण मूल कुठे आहे एवढंच ते सांगेल, रस्ता ओलांडणार नाही.

काही मुलांना याहून जास्त वेळ लागतो. अतिचंचल मूल, कमी ऐकू येणारं मूल, बोलायला अडखळणारं मूल, यांना घाई करू नका, पण त्यांना कायमचं घरातही ठेवू नका. त्यांचा पहिला टप्पा जिन्यातला वरचा मजला असेल, चालेल.

तुमची मुलगी आज चार वर्षांची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तीन वर्षांनी ती ‘मी जाते’ म्हणेल तेव्हा याच पायऱ्या, याच वयात तिलाही द्या. दहा वर्षांच्या मुलीला ‘सोबतीला’ सहा वर्षांचा भाऊ देणारी घरं मी खूप पाहिली आहेत. त्यातून ती मुलगी सुरक्षित होत नाही. आपल्याला काही जमत नाही, एवढंच ती शिकते.

शेजारणीच्या मेसेजचं मनाला लावून घेऊ नका, पण त्यांच्यावर रागही धरू नका. अमुक वयाखालचं मूल एकटं दिसलं की गुन्हा, असा वयाचा आकडा आपल्या कायद्यात नाही. कायदा जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीबद्दल बोलतो, आणि तुम्ही तर एवढा विचार करून प्रश्न विचारला आहे. पार्किंगबद्दल मात्र त्यांचं बरोबर आहे. रिव्हर्स येणाऱ्या गाडीमागे बसलेलं मूल कुणालाच दिसत नाही. पार्किंग ही खेळायची जागा नाही हे त्याला सांगा. आणि त्यांना जाऊन म्हणा, ‘काकू, तो आता दुकानात एकटा जायला शिकतोय, तुमच्या खिडकीतून गेट दिसतं, जरा नजर असू द्या.’ तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांचा उपयोग करून घ्यावा. त्या आधीपासूनच बघत आहेत.

पहिल्या दिवशी शनिवार-रविवारची सकाळ निवडा, गर्दी व्हायच्या आत. एकच वस्तू सांगा, पिशवी द्या, बरोबर पैसे द्या आणि वर दहाची नोट वेगळी द्या, हरवली तरी चालेल अशी, आणि ते त्याला तसं सांगूनही द्या. तो परत आला की हिशेब लगेच मागू नका. आधी पाणी द्या आणि वाटेत काय काय दिसलं ते विचारा. दुधाऐवजी दही आणलं असेल तर त्या दिवशी कढी करा.